घरच्या पीसीला कुठला रेड टाकायचा, आणि तो चालतोय हे डिस्क काढून कसं बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घरात एक पीसी, त्यात ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क, दोन आत्ता एकाच दुकानातून घेतलेल्या आणि दोन तीन वर्षं वापरलेल्या. डेटा सगळा मिळून सव्वादोन टीबी, त्यात मुलीचे लहानपणापासूनचे फोटो, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग, आणि तुमच्या वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट्स, ज्या तुम्ही दोन वर्षं बसून एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्यात. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच स्टोरेज असल्यासारखं वापरणं, त्याचे नंबरवारी प्रकार असतात. दुकानदार म्हणतो रेड ५ टाका, ऑफिसातला मित्र म्हणतो रेड ० टाक, स्पीड मिळेल. आणि तुम्ही विचारताय की कुठला टाकू, आणि टाकल्यावर तो खरंच काम करतोय हे मला कसं कळणार. हा दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. चारही डिस्क एका रेडमध्ये घालू नका. दोन डिस्कचा साधा मिरर करा, म्हणजे रेड १, दोन्हीवर सारखाच डेटा, आणि उरलेल्या दोन बॅकअपला ठेवा, एक घरातल्या कपाटात आणि एक दुसऱ्या गावी कुणा नातेवाइकाकडे. आणि मिरर करताना दोन्ही नव्या एकत्र घेऊ नका, एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावा. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या डिस्क बहुतेक वेळा एकाच लॉटच्या असतात, सारखे तास चालतात, सारखी उष्णता खातात, आणि मग जातातही मागोमाग. मिररमधल्या दोघी एकाच आठवड्यात गेल्या तर मिरर असून उपयोग काय.

आता रेड ० का नाही. रेड ० मध्ये प्रत्येक फाइलीचे तुकडे दोन्ही डिस्कवर वाटले जातात, एक गेली की दोन्हीवरचं गेलं. समजा एक डिस्क वर्षभरात जायची शक्यता १०० त ३ धरली तर दोन डिस्कच्या रेड ० ला ती जवळपास ६ होते. बदल्यात मिळतं काय, तर दोन हार्ड डिस्क मिळून सलग वाचताना ३००-३५० एमबी प्रति सेकंद. साधी साटा एसएसडी एकटी ५०० च्या वर देते आणि एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान जातीची एसएसडी, तर हजारांत जाते. त्यामुळे एडिटिंगला स्पीड हवा असेल तर एक एनव्हीएमई घ्या, चालू प्रोजेक्ट तिच्यावर ठेवा, झाला की मिररवर हलवा. तुमचा मित्र चुकीचं सांगत नाहीये, एसएसडी महाग होत्या तेव्हा हेच करायचे लोक, पण तो काळ गेला. आणि हे स्टोरेज घरातल्या नेटवर्कवरून वापरणार असाल तर गिगाबिट लॅन ११०-११५ एमबीलाच अडकतं, एकटी हार्ड डिस्कसुद्धा त्याहून वेगात देते.

एक गंमतीची गोष्ट अशी की १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेडवरचा जो मूळ पेपर लिहिला त्यात लेव्हल १ ते ५ च होत्या. शून्य नंतर चिकटलं. रेडमधला आर म्हणजे रिडंडंट, म्हणजे एक गेलं तरी भागेल इतकं जास्तीचं, आणि ते तर शून्यात नाहीच.

रेड ५ वर जरा थांबतो, कारण दुकानदार हाच सांगतात आणि ऐकायला तो फार छान वाटतो, चार डिस्क, तीन डिस्कची जागा, एक गेली तरी डेटा शाबूत. कसं होतं ते सोपं आहे. तीन डब्यांत ५, ७, ९ ठेवले आणि चौथ्यात बेरीज २१ लिहून ठेवली, आता ७ चा डबा हरवला तर २१ मधून ५ आणि ९ वजा करा, ७ परत मिळाला. या जास्तीच्या नोंदीला पॅरिटी म्हणतात. खरी पॅरिटी बेरजेने नाही, एक्सॉर नावाच्या बिटांच्या हिशोबाने होते आणि ती चारही डिस्कवर फिरती असते, पण तत्त्व हेच. अडचण कुठे आहे बघा. डबा हरवल्यावर तो परत मिळवायला बाकीचे तिन्ही डबे पूर्ण आणि बिनचूक वाचता यायला हवेत. तुमच्या बाबतीत एक ४ टीबीची गेली की उरलेल्या तीन म्हणजे १२ टीबी शेवटच्या सेक्टरपर्यंत, म्हणजे डिस्कवरच्या शेवटच्या छोट्या तुकड्यापर्यंत वाचायचं. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या डेटाशीटवर लिहिलेलं असतं की १० च्या १४ व्या घाताइतके बिट वाचले तर एखादा वाचता न येणारा निघू शकतो, म्हणजे साधारण १२.५ टीबीला एक. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, हा आकडा कंपनीने सावधपणे दिलेला असतो, त्यामुळे रेड ५ चा रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत उभा करणं, निम्म्या वेळा फसतोच असं जे छातीठोक सांगतात ते मला पटत नाही. पण तुमच्यातल्या दोन डिस्क तीन वर्षं जुन्या आहेत आणि ज्या सेक्टरला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही तो खराब झालाय हे नेमकं रिबिल्डच्या दिवशी कळतं.

माझ्याकडे हे झालंय. ३ टीबीच्या चार डिस्कचा रेड ५, एक गेली, नवी लावली, रिबिल्ड ७० टक्क्यांच्या आसपास आला आणि दुसऱ्या एका डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर निघाले, रेड चालवणाऱ्या कंट्रोलरने ती डिस्क बाहेर काढली आणि डिस्कचा सगळा संच म्हणजे अ‍ॅरे बंद. दोन डिस्क गेल्या की रेड ५ मध्ये काही उरत नाही. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून वाचता येईल तेवढी सेक्टर सेक्टर कॉपी करून, मग अ‍ॅरे जबरदस्तीने उभा करून बहुतेक डेटा काढला, चार दिवस गेले. रेडचा नंबर तिथे तितका महत्त्वाचा नव्हता, खरी चूक ही की त्याआधी दीड वर्ष मी त्या अ‍ॅरेची एकदाही पूर्ण वाचून तपासणी केली नव्हती.

शिवाय रेड ५ मध्ये छोटं काही लिहायचं तर जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही, अशी चार कामं होतात. ७२०० आरपीएमची डिस्क इकडेतिकडे विखुरलेलं काम सेकंदाला ८० च्या आसपास करते, चार डिस्कची झाली ३२०, भागिले चार म्हणजे परत ८०. चार डिस्क घालून लिहायला एका डिस्कचा वेग. त्याच चार डिस्कचा रेड १०, म्हणजे दोन मिरर एकत्र जोडून, केला तर १६०. जागा खूप हवी आणि डिस्क सहा-आठ आहेत तिथे रेड ६ ला अर्थ आहे, कारण दोन गेल्या तरी चालतं. सव्वादोन टीबीला ४ टीबीचा मिरर पुरतो, विंडोजमध्ये तो ३.६३ दिसेल, घाबरू नका, ते हजार आणि १०२४ च्या मोजणीचं आहे.

आता सॉफ्टवेअर. मदरबोर्डच्या बायॉसमध्ये जो रेड असतो तो शक्यतो वापरू नका. बोर्डाची बॅटरी उतरली किंवा बायॉस अपडेट झालं की साटा मोड रेडवरून बदलून एएचसीआय या साध्या मोडवर जाऊ शकतो आणि अ‍ॅरे गायब झाल्यासारखा दिसतो. मग विंडोज विचारतं डिस्क इनिशियलाइज करू का, आणि घाबरलेला माणूस हो म्हणतो. असा मेसेज कधीही आला तर काहीही दाबायचं नाही, मशीन बंद करायचं आणि आधी बायॉस बघायचं. लिनक्स चालवत असाल तर एमडीएडीएम या रेडच्या प्रोग्रॅमचा मिरर, त्याच्या डिस्क कुठल्याही दुसऱ्या लिनक्स मशीनला लावल्या की उभ्या राहतात. विंडोजच ठेवायचं असेल तर स्टोरेज स्पेसेसमधला टू-वे मिरर, होम एडिशनमध्येही मिळतो, फक्त त्यातला पॅरिटीवाला पर्याय लिहायला फार हळू आहे, तो नको. आणि जुना पीसी बाजूला काढून नासच, म्हणजे नेटवर्कवरचं स्टोरेजचं वेगळं मशीन, करणार असाल तर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा मिरर, कारण झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवतं. साध्या मिररमध्ये दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे त्याला कळत नाही, झेडएफएसला कळतं आणि ते खराब प्रत चांगलीवरून दुरुस्त करून घेतं. कीर्तनाच्या रेकॉर्डिंगसारखं पुन्हा कधीच न मिळणारं काही असेल तर मी झेडएफएसच घेईन.

डिस्कबद्दल एकच बघा, त्या सीएमआर आहेत की एसएमआर. सीएमआरमध्ये डेटा लिहायचे ट्रॅक सुटे असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, कोकणातल्या घराच्या कौलांसारखे, त्यामुळे मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ हलवावी लागते. रोजच्या वापरात कळत नाही पण रिबिल्डमध्ये सलग तासन् तास लिहिताना डिस्क इतकी मंदावते की रेड सॉफ्टवेअर तिला मेलेली समजून काढून टाकतं. मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, कळेल. एसएमआर निघाली तर ती बॅकअपला ठेवा, तिथे ती चालते.

आता चाचणी. मी जे कुठलंही स्टोरेज उभं करतो त्यावर स्वतः बिघाड घडवून तो दुरुस्त करून बघितल्याशिवाय एकही खरी फाइल टाकत नाही. यात आठवडा जातो. जाऊ द्या.

आधी प्रत्येक डिस्क एकटी तपासा. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने लाँग टेस्ट, म्हणजे अख्खी डिस्क वाचून तपासणी, लावा, ४ टीबीला आठ-नऊ तास लागतात. मग आकडे बघा, ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. हे तिन्ही शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क नाही, साटा केबल खराब असते, केबल बदला आणि आकडा वाढायचा थांबतो का बघा, जुना आकडा मात्र तसाच राहतो. नव्या डिस्कवर मी त्यानंतर बॅडब्लॉक्स हा खराब जागा शोधणारा प्रोग्रॅम लिहिण्याच्या मोडमध्ये चालवतो, तो चार पॅटर्न लिहून वाचतो, दोन-तीन दिवस चालतो आणि डिस्कवरचं सगळं पुसतो, म्हणून रिकाम्या डिस्कवरच. जी डिस्क लवकर जायचीच आहे ती यात पुष्कळदा उघडी पडते, आणि मग ती वॉरंटीत बदलून मिळते. जमलं तर हे मे महिन्यात दुपारी करा. मी अकोल्यात राहतो, इथे बाहेर ४५ असताना कॅबिनेटमध्ये एकमेकींना चिकटून बसवलेल्या डिस्क किती तापतात ते मी बघितलंय, दोघींच्यात एक स्लॉट मोकळा सोडून समोर पंखा लावला की सात-आठ डिग्रीचा फरक पडतो. पूर्ण लोडवर ५० च्या आत राहिलं पाहिजे.

डेस्कटॉप डिस्कची एक खोड आहे. खराब सेक्टर सापडला की ती एकटी बसून तो वाचायचा प्रयत्न करत राहते, कधी कधी मिनिट-दोन मिनिटं, आणि लिनक्स मात्र ३० सेकंदांनी वैतागून डिस्क रीसेट करतं. एका सेक्टरसाठी चांगली डिस्क रेडच्या बाहेर जाते. नासवाल्या डिस्क ७ सेकंदांत हार मानतात आणि रेडला सांगतात की दुसऱ्या प्रतीतून घे. स्मार्टसीटीएलमध्ये एससीटी ईआरसी ही सेटिंग बघा, डिस्क मानत असेल तर ७ सेकंद करा, मानत नसेल तर लिनक्सचा टाइमआउट १८० करा. बऱ्याच डिस्क ही सेटिंग वीज गेली की विसरतात, म्हणून ती बूटच्या स्क्रिप्टमध्येच टाका.

खऱ्या डिस्कला हात लावायच्या आधी हात बसवायचा असेल तर एक छान सोय आहे. लिनक्सवर एकेक जीबीच्या चार रिकाम्या फाइली बनवा, त्या लूप डिव्हाइस म्हणून जोडा, म्हणजे लिनक्सला त्या खऱ्या डिस्कसारख्या दिसतात, आणि त्यांच्यावर रेड १, ५, १० जे हवं ते बनवा, मोडा, डिस्क फेल करा, परत जोडा. एका संध्याकाळी पंधरा वेळा रिबिल्ड करून होतो आणि कमांड बोटांत बसतात. खरी डिस्क जाते तेव्हा डोकं शांत नसतं, त्या वेळी पहिल्यांदा मॅन्युअल उघडायची वेळ येऊ नये.

मग खरा मिरर बनवा. बनवायच्या आधी प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून, दिसेल अशा बाजूला चिकटवा. लिनक्स डिस्कला देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टला बदलू शकतात, सिरियल बदलत नाही. लोकांचा डेटा एक डिस्क गेल्यामुळे जितका जात नाही तितका, एक गेल्यावर घाईत दुसरी चांगली बाहेर काढल्यामुळे जातो.

मिररवर पाचेकशे जीबी फोटो आणि व्हिडिओंची कॉपी टाका, मूळ डेटा कुठेही हलवू नका, आणि सगळ्या फाइलींचे एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतल्या डेटावरून निघणारे ठसे, काढून ती यादी पेन ड्राइव्हवर ठेवा. इथून पुढे प्रत्येक प्रयोगानंतर ही यादी परत तपासायची. फोल्डर उघडला आणि फोटो दिसले म्हणजे सगळं ठीक असं नाही, हॅश जुळले तरच ठीक.

पहिला प्रयोग, मशीन बंद करा, एका डिस्कची केबल काढा, चालू करा. अ‍ॅरे एका डिस्कवर उभा राहतो का, हॅश जुळतात का, आणि तुम्हाला कुणी कळवलं का? हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. एका ओळखीच्या फोटो स्टुडिओत मिररची एक डिस्क सात-आठ महिन्यांपूर्वीच मेलेली होती, कुणालाच पत्ता नाही, दुसरी गेली तेव्हा मला फोन आला, आणि तोवर माझ्या हातात करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. एमडीएडीएमला मॉनिटर मोडमध्ये टेस्ट ईमेल पाठवता येतो, तो तुमच्या मोबाइलवर येईपर्यंत पुढे जाऊ नका. विंडोजवर स्टोरेज स्पेसेस स्वतःहून ईमेल करत नाही, तिथे टास्क शेड्युलरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लावून घ्या, नाहीतर दर रविवारी स्वतः बघायची सवय लावा.

ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा मिररवर असेल तर आधी एक डिस्क आणि मग दुसरी, दोन्ही एकेक करून काढून बघा. मशीन सुरू करून देणारा बूटलोडर बऱ्याचदा पहिल्याच डिस्कवर बसलेला असतो, तो ज्यात असतो ते ईएफआयचं पार्टिशन मिररमध्ये बहुधा नसतंच, मग पहिली डिस्क गेली की डेटा सुखरूप पण मशीन चालूच होत नाही.

दुसरा प्रयोग रिबिल्डचा, आणि इथे एक फसगत आहे. काढलेली डिस्क तशीच परत जोडली तर एमडीएडीएम पाच मिनिटांत सिंक पूर्ण करतो आणि वाटतं वा, किती वेगवान. ते बिटमॅपमुळे, म्हणजे कुठे काय बदललं याच्या नोंदीमुळे, मोठ्या अ‍ॅरेला तो आपोआप लागतो आणि मधल्या काळात जे बदललं तेवढंच कॉपी होतं. हा खरा रिबिल्ड नाही. खरा बघायचा तर त्या डिस्कचा सुपरब्लॉक, म्हणजे तिच्यावरची रेडची नोंद, पुसा, म्हणजे ती कोरी झाली, आणि मग जोडा. आता ४ टीबीला आठ-नऊ तास लागतील, कारण डिस्क बाहेरच्या कडेला १८० एमबीने चालते आणि आत येईतो वेग निम्मा होतो. घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा. ते चालू असताना व्हिडिओ लावा, कॉपी करा, मशीन वापरण्यासारखं राहतं का बघा. मध्येच एकदा नीट रीस्टार्ट करा, सोडलं तिथून पुढे चालू झालं पाहिजे. झालं की हॅश.

तिसरा, लाइटचा. मिररवर मोठी कॉपी चालू असताना मेन स्विच बंद करा, टेस्टचा डेटाच आहे, होऊ दे. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा, साध्या मोडवर बदलाला इतका वेळ लागतो की पंखा चालू राहतो पण पीसी रीस्टार्ट होतो. मग इन्व्हर्टर काढून, सरळ प्लग खेचूनही एकदा बघा. चालू झाल्यावर मिरर स्वतःहून सिंक करेल, आणि आधीच्या फाइलींचे हॅश जुळायला हवेत, जी कॉपी चालू होती तिची शेवटची फाइल अर्धवट असू शकते, ते चालतं. रेड ५ इथे आणखी एका कारणाने नाजूक आहे, डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायच्या आत लाइट गेली तर दोन्ही जुळत नाहीत, आणि नेमकी त्याच वेळी एखादी डिस्क गेली तर चुकीच्या पॅरिटीतून चुकीचाच डेटा तयार होतो, एरर न देता.

झेडएफएस घेतलं तर चौथाही प्रयोग करा. मिररच्या एका डिस्कच्या मधल्या भागात, पहिले आणि शेवटचे काही जीबी सोडून, मुद्दाम कचरा लिहा आणि स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून पडताळणी, चालवा. चेकसमच्या रकान्यात आकडे दिसतील, डेटा दुरुस्त होईल, हॅश जुळतील. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता.

स्पीड मोजायला एफआयओ वापरा, फाइल रॅमच्या दुप्पट घ्या नाहीतर तुम्ही रॅमचाच वेग मोजताय, आणि शून्यं लिहून मोजू नका, झेडएफएसचं कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यं डिस्कवर जातच नाहीत आणि आकडा अशक्य येतो. मिररला लिहिण्याचा वेग एका डिस्कइतकाच यायला हवा, तेवढा आला की पुरे.

नंतर महिन्यातून एकदा पूर्ण तपासणी, डेबियनवर ती पहिल्या रविवारी आपोआप लागते, झेडएफएसला स्क्रब. माझ्या रेड ५ ला हेच केलं नव्हतं.

आणि त्या दोन बॅकअप डिस्क का, ते सांगायचं राहिलं. २०१४ मध्ये माझ्या मिररवर एका सिंक स्क्रिप्टमध्ये मी सोर्स आणि डेस्टिनेशन उलट लिहिलं आणि आईच्या साठीचे फोटो असलेला फोल्डर रिकामा झाला, दोन्ही डिस्कवर, एकाच क्षणी, कारण मिररचं कामच ते आहे. ते फोटो कपाटातल्या डिस्कवर होते म्हणून आज आहेत. रॅन्समवेअर, वीज पडणं, पॉवर सप्लाय (एसएमपीएस) जळताना सगळ्या डिस्क घेऊन जाणं, चोरी, यातलं काहीच रेड अडवत नाही. कपाटातली डिस्क महिन्याला लावून कॉपी करा आणि केबल काढून परत ठेवा, गावची डिस्क दिवाळी-गणपतीला जाल तेव्हा अदलाबदल करा, आणि कॉपी झाल्यावर दहा-बारा फाइली तिच्यावरून उघडून आणि हॅश लावून बघा, बॅकअपचीही परीक्षा तीच.

आज रात्री एवढंच करा, दोन्ही जुन्या डिस्कला लाँग टेस्ट लावून झोपा. सकाळी ५, १९७, १९८ आणि १९९ चे आकडे आणि चारही डिस्कचे मॉडेल नंबर मला कळवा. १९७ किंवा १९८ शून्य नसेल तर ती डिस्क मिररमध्येही घालायची नाही आणि बॅकअपलाही नाही, आणि सध्या तिच्यावर कीर्तनाच्या फाइली असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्या आधी नव्या डिस्कवर उतरवून घ्या.